केबलवर हात ठेव

माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर आडवी पांढरी रेघ हाय. लग्न झालं तेव्हा बायकोला सांगितलं होतं, दाभोशाच्या रानात बिबट्याच्या तोंडात हात घातला, त्याची ही खूण. तिला बिचारीला बरीच वर्षं खरं वाटलं. मंग एक दिवस ती माझा डबा घेऊन भिवाकाकाच्या शेडवर आली, आणि तिथं बसलेल्या सगळ्या ड्रायव्हरांच्या बोटांवर तशीच रेघ बघून म्हणाली, "बिबट्या फारच माणसाळलेला दिसतोय." तेव्हापासून सासुरवाडीत माझं नाव बिबट्या. साळे हाक मारतात आणि मी वळून बघतो.

ती रेघ भिवाकाकानं काढली. एकट्या माझ्याच हातावर नाय, जव्हार-मोखाड्याच्या लायनीला जीप चालवणाऱ्या अर्ध्या लोकांच्या हातावर काढली. का काढली ते सांगतो, पण आधी माणूस कसा होता ते ऐका.

जव्हारहून मोखाड्याकडं निघालं की जिथं घरं संपतात तिथं ऐनाचं एक झाड हाय. त्याच्याखाली भिवाकाकाची पत्र्याची शेड. गाडीच्या लायटीचं, वायरिंगचं काम. पाटी कधी लावली नाय. ज्याला लोक ओळखत नाय त्यानं पाटी लावावी, असं त्याचं म्हणणं. उंच, वाळका, मान पुढं काढून चालणारा. गळ्यात टेस्टिंगचा दिवा: एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला टाचणी. डॉक्टर नळी घालतो तसा तो दिवा घालायचा. लग्नाला गेला तरी गळ्यात दिवा. मयताला गेला तरी गळ्यात दिवा. एकदा एका म्हाताऱ्याच्या मयताला मी त्याच्या बाजूला उभा होतो. मला उगाच वाटत होतं की हा आता टाचणी लावून बघणार, खरंच गेलाय का.

बोलताना एक डोळा बारीक करायचा. तुमचं ऐकून घेतोय का नेम धरतोय, ते समजायचं नाय. खिशात कायम सुकवलेला आवळा, मीठ लावलेला. दिवसभर तोंडात तेच. त्यामुळे तोंड आंबट झालं, का तोंड आंबट म्हणून आवळा आवडायचा, त्यावर आमच्या स्टँडवर दोन पार्ट्या होत्या.

कामाची त्याची पद्धत उलटी. गाडी बंद पडली की सगळे मिस्त्री बॅटरीपासून सुरू करतात. हा मागून सुरू करायचा. म्हणायचा, बॅटरीतून करंट निघतो हे शेंबडं पोरपण सांगेल, पण तो परत कुठून येतो ते सांग. पहिल्या वेळी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, परत कशाला येईल, गेला तो गेला, माझ्या मेव्हण्यासारखा. तर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी तिथंच पाना उचलून उगाच पुसायला लागलो.

मंग त्यानं सांगितलं, आणि ते त्याचं कायमचं बोलणं होतं. गेलेला करंट बॅटरीत परत येतोच. इंजिनापासून चॅसीला एक जाड पट्टी असते, अर्थिंगची. ती त्याची परत यायची वाट. "वाट दिली तर गुमान येतो. वाट नाय दिली तरी येतो. मंग तो दुसऱ्याच्या घरातून येतो, आणि येताना ते घर जाळत येतो." हे सांगताना त्याचा तो बारीक केलेला डोळा पुरा उघडायचा. वायरीबद्दल नाय, कुणातरी नातेवाईकाबद्दल बोलतोय असं वाटायचं.

कारण माणूस डूख धरणारा. लोक कोंबड्या पाळतात तसा हा डूख पाळायचा. रोज दाणे घालायचा, मोजून घ्यायचा, रात्री झाकून ठेवायचा.

स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं एकदा त्याला टवका उडालेल्या कपात चहा दिला, आणि बाजूच्या कचेरीतल्या भाऊसाहेबाला धडक्या कपात. दुसऱ्या दिवसापासून हा घरून स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन यायचा. गिऱ्हाइकांची गर्दी असली की मधोमध उभं राहून कपातला चहा पेल्यात ओतायचा, वास घ्यायचा, मान हलवायचा आणि मंग प्यायचा. रोज. हॉटेलवाल्यानं नवा कपांचा सेट आणला, पाया पडला, भज्यांची बशी पुढं केली. हा भजी खायचा आणि चहा पेल्यात ओतायचा.

एका सरकारी गाडीच्या ड्रायव्हरनं सीटवरून न उतरता हाक मारली, "ए वायर, इकडं ये." भिवाकाका गेला. अगदी लवून गेला. इंडिकेटर लागत नव्हता तो करून दिला. त्यानंतर ती गाडी डावीकडं वळायची झाली की हॉर्न वाजायचा. फक्त डावीकडं. साहेब मागं झोपलेला असला तरी दचकून उठायचा. ड्रायव्हर परत आला, आता मात्र सीटवरून उतरून आला, तर भिवाकाका म्हणला, गाडीला डावीकडं जायचं मन नसंल, तिला समजावून बघा.

आणि एका बोकडानं त्याचं वायरीचं भेंडोळं चावलं होतं. भिवाकाका एरवी मटण खात नाय. पण त्या बोकडाच्या जेवणाला न बोलावता गेला, आणि दोनदा वाढून घेतलं.

आता माझ्या बोटांचं. मी माझी जीप दसऱ्याला रंगवतो. आमच्याकडं सगळेच रंगवतात. गाडी धुवायची, ऑइलपेंट मारायचा, झेंडूची माळ, नारळ. रंग उरला तर टाकायचा कुठं, म्हणून मी हात फिरवत गेलो. बंपर झाला, चॅसी झाली, नट झाले, बोल्ट झाले. खाली सरपटत आत शिरून अर्थिंगची पट्टी, तिचा बोल्ट, सगळं हिरवंगार केलं. बाहेर आलो तेव्हा मीपण हिरवा. पोरं घाबरली. मला वाटलं, या वर्षी देवी खूश होणार.

देवी झाली असंल. गाडी नाय झाली. आठवडा गेला नाय तोवर सेल्फ मारला की नुसतं खट्. मंग घर्र. मंग मेल्यासारखी. आणि एक्सलेटरचं पेडल गरम. मी पायात काही घालत नाय, मला ते पेडल तव्यासारखं लागायला लागलं. मी आमच्या आईला सांगितलं, गाडीच्या अंगात येतंय. आईनं गाडीवरून लिंबू उतरवलं. मी ते लिंबू चाकाखाली चिरडलं, आणि त्याच चाकाची हवा गेली.

मंग मी गेलो माणिकशेठच्या गॅरेजला. जव्हारात मोठं गॅरेज त्याचं. मोठा शेड, मोठा पंखा, देवाचा मोठा फोटो, त्यापेक्षा मोठा माणिकशेठचा फोटो. त्यानं बॅटरी बदलली. मंग सेल्फ बदलला. मंग डायनामो बदलला. गाडीत माझं असं फक्त स्टेरिंग राहिलं, तरी तेच. शेवटी म्हणाला, गाडी म्हातारी झाली. मी म्हटलं, शेठ, तिचं वय मलापण लागू हाय, मला पण बदलणार का.

तेव्हा मी भिवाकाकाकडं गेलो. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "आधी कुठं गेला होतास?"

खोटं बोललो असतो तर बोटं वाचली असती. मी म्हटलं, माणिकशेठकडं.

त्यानं बोनेट उघडलं. एक्सलेटरची केबल इंजिनावर जिथं अडकते तिथं दाखवून म्हणला, केबलवर हात ठेव, बोटांनी धर. मी धरली. तो सीटवर बसला आणि सेल्फ मारला. मी काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाय. बाजूच्या झाडावरची पाखरं उडाली एवढं सांगतो.

"कळलं?" तो म्हणला. "अर्थिंगला रंग फासलास. करंटला यायला वाट नाय. म्हणून तो केबलमधून येतोय."

त्यानं जाड वायर घेऊन एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि एक इंजिनाला लावलं. गाडी हात लावायच्या आधी चालू झाली म्हणा ना. मंग खाली शिरून पट्टी काढली. वरून माझा हिरवागार रंग, आणि रंगाच्या आत ती जळून कोळसा. बोल्टाची जागा खरवडून लखलखीत केली, नवी पट्टी कसली. मी म्हटलं, काका, तुला बघताक्षणी कळलं होतं, मंग माझी बोटं कशाला भाजलीस? तो म्हणला, "आधी त्याच्याकडं गेलास म्हणून."

तर असं होतं. माणिकशेठकडून जो येईल त्याचा हात केबलवर.

शेडमध्ये मागच्या बाजूला लाकडात एक खिळा होता, त्याला एक जळकी केबल टांगलेली. वरचं कवच वितळून आतल्या तारेला चिकटलेलं, काळी, वाकडी, मेलेल्या सापासारखी. तिला कुणी हात लावायचा नाय. मी एकदा चहा पिताना सहज तिच्यावर माझी टोपी अडकवली. टोपी मला संध्याकाळी ऐनाच्या शेंड्यावर दिसली.

ती केबल देवूच्या जीपची. देवू म्हणजे भिवाकाकाचा धाकटा भाऊ. बाप लवकर गेला, भिवाकाकानंच त्याला वाढवला. स्टेरिंग शिकवलं, जीप घेऊन दिली, तिचं सगळं वायरिंग स्वतःच्या हातानं केलं. देवूच्या गाडीची लाइट आमच्या लायनीत सगळ्यात झकास. क्लच गेला तेव्हा मात्र गिअरबॉक्स उतरवायला ती माणिकशेठच्या गॅरेजला टाकली, ते काम भिवाकाकाचं नव्हे. गिअरबॉक्स चढवून गाडी परत आली, आणि खोडाळ्याच्या वाटेवर चढणीला पेटली. माणसं उड्या मारून वाचली. एका बाईच्या कोंबड्यांची पाटी तेवढी गेली. देवू रस्त्यात उभा, हातात नुसती चावी.

दुसऱ्या दिवशी जव्हारच्या स्टँडवर सगळे जमले. माणिकशेठ सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, भिवाचं वायरिंग, दुसरं काय. सख्ख्या भावाची गाडी जाळली.

मी तिथं होतो. भिवाकाकानं माणिकशेठकडं मान वळवली नाय. तो देवूकडं बघत होता. विचारलं एवढंच, "तुला काय वाटतं?"

देवू काय बोलला नाय.

खाली मान घालून उभा राहिला, आणि आठवड्याभरात वसईकडं गेला, कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून. परत आला नाय. भिवाकाका चढणीला गेला, जळक्या सांगाड्याखाली शिरला. अर्थिंगच्या बोल्टाला पट्टीच नव्हती. जळलेली नाय, तुटलेली नाय. लावलेलीच नव्हती, बोल्ट कोरा. गिअरबॉक्स चढवणाऱ्यांनी ती परत कसलीच नाय. म्हणून करंट केबलमधून आला, केबल तापली, बाजूची डिझेलची नळी वितळली. त्यानं ती केबल कापून आणली आणि खिळ्याला लावली.

आम्हाला त्यानं ते सगळं समजावलं. आम्ही माना हलवल्या. पण स्टँडवर बोललेलं घरी बसून पुसता येत नाय. माणिकशेठ बोलला होता स्टँडवर, ते त्यानंच स्टँडवर स्वतःच्या तोंडानं परत घ्यायला पायजे होतं. भिवाकाका त्याचीच वाट बघत होता. वर्षं गेली. गिऱ्हाईक निम्मं तुटलं, देवूचा फोन नाय, पण तो आवळा चघळत बसून राहिला. म्हणायचा, येतंच परत.

आणि आलं. आलं ते खोडाळ्याच्या बाजारात.

बाजाराचा दिवस. मी भिवाकाकाला घेऊन गेलो होतो, त्याला नागली घ्यायची होती. तेवढ्यात स्टँडवर माणिकशेठची नवी गाडी येऊन बंद पडली. छोटी बस होती, दाभोशाचा धबधबा आणि शिरपामाळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी घेतलेली, बाजूवर त्याचं नाव केवढंतरी मोठं. आत खोडाळ्याच्या पलीकडून भरून आणलेलं वऱ्हाड. मोखाड्याला त्याच्या भाचीचं लग्न, हा मामा, डोक्याला फेटा. मामाशिवाय नवरी मांडवात उभी राहत नाय, आणि मुहूर्त जवळ आलेला. सेल्फ मारला की नुसतं खट्. पेडलपाशी धूर. वऱ्हाडातल्या बायका नाकाला पदर लावून खाली.

माणिकशेठनं जीपवाल्यांना हाका मारल्या. आमच्या स्टँडवर नंबर असतो, ज्याचा नंबर त्यानंच भरायचं. एक जण आपली बोटं चोळत म्हणाला, माझा नंबर नाय शेठ. दुसरा म्हणाला, माझापण नाय, नियम मोडता येत नाय. एवढे नियम पाळणारे ड्रायव्हर मी जन्मात बघितले नव्हते. आता पहिला नंबर कुणाचा? माझा. मी काय केलं, माझ्या चांगल्या चालू जीपचं पुढचं चाक काढून ठेवलं. म्हटलं, शेठ, चाकच नाय हो. या गडबडीत चाकाचे दोन नट गटारात गेले ते मला अजून सापडलेले नाय. पण त्या दिवशी मला वाटलं, सगळी जीप गटारात गेली तरी चालंल. माझ्या बोटांनापण बघायचं होतं.

माणिकशेठनं बाजारात नजर फिरवली. भिवाकाका नागलीच्या पोत्यावर बसला होता. गळ्यात दिवा. त्यानं आवळ्याचा तुकडा या गालातून त्या गालात नेला.

माणिकशेठ आला. फेटा सरळ केला. "भिवा, बघ जरा."

"माझ्या वायरिंगनं गाड्या जळतात," भिवाकाका म्हणला.

"जुनं कशाला काढतोस. आज शुभ दिवस हाय."

"म्हणून तर."

भिवाकाका उठला, बसचं बोनेट उघडलं आणि आत बघितलं. एकदाच. मंग मला म्हणला, काश्या, मोबाइल काढ, शूटिंग धर, देवूला पाठवायचंय. एवढं मोठं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी मोबाइल धरला आणि गर्दीत पुढं घुसलो.

"केबलवर हात ठेव," भिवाकाका माणिकशेठला म्हणला.

माणिकशेठ गॅरेजवाला माणूस. त्याला कळलं. चेहऱ्यावरून कळलं आम्हाला की त्याला कळलं. तो गर्दीकडं बघायला लागला. सगळे ड्रायव्हर जवळ आले होते, आणि कुणी कुणाला न सांगता प्रत्येकानं आपापली बोटं वर धरली होती, रेघ दिसंल अशी. बसमधून त्याची म्हातारी मावशी ओरडली, अरे ठेव की हात, मुहूर्त चाललाय, काय साप हाय का तिथं.

त्यानं हात ठेवला. भिवाकाका सीटवर चढला आणि चावी फिरवली. माणिकशेठनं हात ओढला, फेटा गळ्यात आला.

"परत," भिवाकाका म्हणला.

दुसऱ्या वेळी त्यानं जास्त वेळ फिरवली. मी हसत होतो. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होतो.

"का तापली?"

"अर्थिंग नाय."

"का नाय?"

"आत्ता क्लच टाकला. लावायची राहिली."

"आणि देवूच्या गाडीला?"

भाजीवाल्या बायकांनी तराजू खाली ठेवले. माणिकशेठ हात काखेत दाबून उभा. मावशी परत ओरडली, अरे बोल मेल्या, तिकडं पोरगी ताटकळली.

"देवूच्या गाडीलापण राहिली होती," तो म्हणाला. "माझ्याच गॅरेजात. भिवाचं वायरिंग चांगलं होतं."

भिवाकाकानं मान हलवली. हसला नाय, काय नाय. चहाचा पेला हुंगताना हलवायचा तशीच मान. मंग माझ्या जीपखाली शिरला आणि माझी अर्थिंगची पट्टी काढून माणिकशेठच्या बसला कसली. मी म्हटलं, काका, माझी? तो म्हणला, तुझी गाडी तशीपण चालत नाय, चाक कुठाय तिचं. बस सुटली, मामा मांडवात पोचला. मी रात्र होईस्तोवर गटारात नट शोधत होतो.

पुढं माणिकशेठनं शहाणपणा केला. बस पक्कं काम करायला भिवाकाकाच्या शेडवर पाठवली. काम पक्कं झालं. तेव्हापासून त्या बसला ब्रेक मारला की हॉर्न वाजतो. माणिकशेठ कुठं थांबला ते सगळ्या जव्हारला घरबसल्या कळतं.

आणि माझं शूटिंग. मोबाइलचा कॅमेरा माझ्याकडंच तोंड करून होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता मी. माझं नाक, माझे दात, दातातला पानाचा तुकडा, हसून हसून गळणारं पाणी. माणिकशेठ कुठंच नाय. आवाज मात्र सगळ्यांचा स्पष्ट. आमच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर ते अजून फिरतं, दर दसऱ्याला कुणीतरी टाकतोच. बायको म्हणते, बिबट्या पिंजऱ्यात बरा दिसतो. पण भिवाकाकानं ते तसंच देवूला पाठवायला लावलं. म्हणला, त्याला बघायचं नाय, ऐकायचंय.

मंग आम्ही सगळे देवूची वाट बघायला लागलो. मी तर ठरवून टाकलं होतं की दोघं भाऊ गळ्यात पडणार, भिवाकाका गळ्यातला दिवा काढून ठेवणार, मी रडणार. मी रडायची तयारीपण करून ठेवली होती.

देवू आला. दुपारची वेळ. मी गाडी भरून खोडाळ्याला निघालो होतो, तोवर एका जाड वायरीवर भागवत होतो, म्हणून माझी पट्टी परत मागायला शेडवर थांबलो. ऐनाखाली एक जुनी पिकअप उभी, आणि तिच्याजवळ देवू. केस पिकले होते. अंग सुटलं होतं. भिवाकाका पाटावर बसून एक डायनामो उघडत होता, मान खाली.

"दादा," देवू म्हणाला, "गाडी सेल्फ घेत नाय."

भिवाकाकानं वर बघितलं नाय. "माणिककडं जा. तुला त्याचं पटतं."

इतकी वर्षं आम्ही ती खिळ्यावरची केबल माणिकशेठच्या नावाची समजत होतो. सगळी लाइन तेच समजत होती. पट्टी विसरला ते सोडलं तर माणिकशेठनं एवढंच केलं होतं की तोंड उघडलं. तसं ते तो रोजच उघडायचा.

देवूनं स्वतःच बोनेट उघडलं आणि एक्सलेटरच्या केबलवर हात ठेवला. म्हणाला, "मार सेल्फ."

भिवाकाका उठला. हात पुसले, सावकाश. पिकअपच्या सीटवर बसला आणि चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू. काय दुखणं नाय, काय धूर नाय.

"थंड हाय का केबल?" त्यानं विचारलं.

"थंड हाय."

"मंग आलास कशाला?"

देवू त्या दिवशी स्टँडवर उभा होता तसाच उभा राहिला, फक्त हात केबलवरून काढला नाय.

भिवाकाकानं इंजिन बंद केलं. खाली उतरला, पाना घेतला आणि पिकअपखाली शिरला. आम्हाला त्याचे नुसते पाय दिसत होते. बाहेर आला तेव्हा हातात अर्थिंगची पट्टी होती. चांगली, धडकी. ती त्यानं खिळ्याला लावली, त्या जळक्या केबलच्या शेजारी. परत सीटवर जाऊन बसला.

"आता धर," तो म्हणला.

माझ्या गाडीतले लोक ओरडायला लागले, कुणाची यष्टी चुकणार होती. मी पट्टी मागायची विसरलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर शेडला कुलूप होतं, ते अजून हाय. भिवाकाका कुठं गेला, कुणाबरोबर गेला, त्यावर आता स्टँडवर आवळ्यासारख्याच दोन पार्ट्या हायेत. मी कुठल्याच पार्टीत नाय. मी त्याला शेवटचं बघितलं ते माझ्या जीपच्या आरशात: पिकअपचं बोनेट उघडं, देवू आत वाकलेला, आता दोन्ही हात केबलवर, आणि बाजूच्या काचेमागं भिवाकाका चावी धरून बसलेला. वळणापर्यंत मी कान देऊन होतो. सेल्फ घरघरत होता, थांबत नव्हता, आणि देवू ओरडत नव्हता.